अकरा, अकरा आणि एक

वाचनालयाच्या शिक्क्याची शाई वाळायच्या आत
मी पुस्तक कोटात सरकवते.
क्लाइपेडात नोव्हेंबर. साडेचारलाच काळोख,
बंदरातल्या क्रेनांवर लाल दिवे
आणि माझ्या बोटांना अजून मेणाचा वास.

दिवसभर मी कवळ्या करते.
रात्री देवदूत आणि सैतान वाचते,
तेवीस लेखकांचे, एकाच पुठ्ठ्यात कोंबलेले.
संपादकबाई प्रस्तावनेत बजावतात,
तराजू कुठे कलू दिलेला नाही:
अकरा गोष्टी यांच्या, अकरा त्यांच्या,
उरलेली कुणाची, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

असल्या पुस्तकाची एक खोड असते.
पानावर पाऊल टाकणारा प्रत्येक परका
आधीपासूनच संशयित.
म्हातारी पाव देते: कोण ही?
पोस्टमन उशिरा येतो: कुठे होता?
कुत्रं भुंकत नाही: हं.
पहिल्या चार गोष्टींत मी फसले,
पाचवीपासून कोटाच्या पाठीवर शिवण शोधू लागले.
आणि धंद्याची सवय,
मी दात बघते.

सैतानांना दात आहेत, पोत्यानं आहेत.
एकानं तर सुळे इतके लांब लिहिलेत
की बिचाऱ्याचा जबडा मिटायचा कसा?
(असलं माप मी परत पाठवलं असतं.)
दुसऱ्याचा सैतान दारूच्या दुकानाबाहेर
सोन्याची दाढ कोरत बसतो, गोड बोलतो.
देवदूतांचे केस लिहिलेत, टाचा लिहिल्यात,
पिसांत अडकलेली हवासुद्धा.
दात?
तेवीस जणांतल्या एकालाही पडू नये हा प्रश्न,
की स्वर्गातलं कुणी हसलं
तर आत काय दिसतं?

गुरुवारी झिग्मास आला.
आमच्या गल्लीतल्या तीन घरांची नावं
त्या काळी यानंच लिहून दिली, म्हणतात.
म्हणतात, एवढंच.
आपलेच दात, आपलेच ओठ,
गल्ली चाळीस वर्षं तोंड मिटून होती.
त्यातलं एक घर माझ्या मामाचं.
बर्फातून नऊ वर्षांनी परतला
तेव्हा त्याच्या तोंडात फक्त जीभ होती,
आणि तीही फारशी वापरत नसे.
मामी त्याला सफरचंद किसून द्यायची, चमच्यानं.

डॉक्टरीणबाईंनी रंग जुळवायला मला आत बोलावलं.
झिग्मासनं आ केला.
गुलाबी, ओल्या, मऊ हिरड्या,
काल जन्मलेल्या पोरासारख्या.
डोक्यावर एक केस नाही,
खिडकीतल्या उजेडात कान पारदर्शक.
देवदूत असलाच तर असा असेल,
असं मनात आलं
आणि माझीच दातखीळ बसली.

त्या रात्री कवळी माझ्या टेबलावर, पुस्तक शेजारी.
मला एवढंच करायचं होतं:
डावी दाढ एक केसभर उंच ठेवायची.
कुणालाच कळलं नसतं.
त्याला घासागणिक कळलं असतं.
तेविसावी गोष्ट उघडली.
तिच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी
‘सैतान’ लिहिलं होतं, दुसऱ्या कुणीतरी खोडलं होतं,
तिसऱ्यानं खोडलेल्यावर पुन्हा गिरवलं होतं,
आणि इतक्या वेळा, की कागदाला भोक पडलंय.
भोकातून टेबल दिसत होतं.
टेबलावर कवळी, हसत.
गोष्टीत काय झालं ते मला आता आठवत नाही.
कानस हातात होती हे आठवतं,
आणि खाली उतरणारी पांढरी भुकटी.

पुस्तकाला चार दिवस उशीर झाला, दंड भरला.
पायऱ्या उतरताना समोर झिग्मास.
ओळखलं त्यानं. टोपी काढली.
‘सफरचंद खाल्लं,’ म्हणाला,
‘सालीसकट. किती वर्षांनी.’
आणि हसला.

मी आत बघितलं.
दात माझे होते.